"झालं सर" म्हणणाऱ्या मुलाचं काय करायचं: चौथी ते सातवीच्या वर्गासाठी कामाचा क्रम

फळ्यावर पाच गणितं लिहून शिक्षक खडू ठेवतात न ठेवतात तोच मागच्या बाकावरून आवाज येतो, "झालं सर." चाळीस मिनिटांच्या तासातली जेमतेम आठ मिनिटं गेलेली असतात. उरलेल्या बत्तीस मिनिटांत बहुतेक वर्गांत तीनपैकी एक गोष्ट होते. त्या मुलाला तशीच आणखी दहा गणितं मिळतात, किंवा "जा, बाकीच्यांच्या वह्या बघ" असं सांगितलं जातं, किंवा हाताची घडी घालून गप्प बसवलं जातं. यातून मूल नवं काहीच शिकत नाही. उलट महिनाभरात मुद्दाम सावकाश लिहायला शिकतं, कारण लवकर संपवलं की जास्तीचं काम गळ्यात पडतं हे त्याला कळून चुकलेलं असतं.

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी भागातल्या मराठी शाळांमध्ये ही अडचण चौथीत उघडी पडते. नली-कली (कर्नाटकातली कृतीतून शिकण्याची पद्धत) चालते तिथे पहिली ते तिसरीची मुलं कार्डांच्या शिडीवरून आपापल्या वेगानं वर चढत असतात. चौथीत सगळा वर्ग एका पानावर येतो आणि शिडी संपते. म्हणून खालचा क्रम चौथी ते सातवीसाठी लिहिला आहे: एक शिक्षक, पंचवीस ते पस्तीस मुलं, किंवा एकाच खोलीत दोन इयत्ता. वेगळा वर्ग, वेगळा शिक्षक, वेगळा निधी यांतलं काहीही गृहीत धरलेलं नाही.

तयारी: एक विषय, एक घटक

सुरुवातीला एकच विषय निवडा आणि त्यातला एकच घटक. गणितानं सुरुवात करणं सोपं, कारण मुलाला काय येतं आणि काय येत नाही हे तिथे स्पष्ट दिसतं. खालचं उदाहरण अपूर्णांकांचं आहे.

सामान थोडं लागतं: शंभर पानी वही (नोंदीसाठी), प्रत्येक मुलाला एक जुनी पण कोऱ्या पानांची वही, तीन मोठे लिफाफे आणि पुढच्या इयत्तेचं पाठ्यपुस्तक. शाळा सुरू झाल्यावर जूनमध्ये निरीक्षण आणि जुलैत पहिला घटक, असं बसवलं तर दसऱ्याच्या सुट्टीआधी दोन घटक होतात. सगळ्या विषयांत एकदम सुरू केलेला प्रयोग तिसऱ्या आठवड्यात बंद पडतो. शिक्षकाला माध्यान्ह आहाराचा हिशोब आहे, ऑनलाइन माहिती भरायची आहे, मधेच प्रशिक्षण येतं. जेवढं पेलेल तेवढंच हाती घ्या.

टप्पा १: दहा दिवसांची पाहणी

तीस मुलांचा वर्ग असेल तर रोज तीन मुलं, म्हणजे दहा दिवसांत सगळी होतात. त्या दिवशी फक्त त्या तिघांकडे मुद्दाम लक्ष द्यायचं आणि शाळा सुटल्यावर वहीत प्रत्येकाबद्दल दोन-तीन ओळी लिहायच्या. "हुशार आहे", "चुणचुणीत आहे" असले शेरे लिहू नका, ते पुढे काही कामाला येत नाहीत. मुलानं काय विचारलं ते त्याच्याच शब्दांत लिहा. "दोन अपूर्णांकांच्या मधे नेहमी तिसरा बसतो का?" ही एक ओळ दहा शेऱ्यांइतकी बोलते.

बघायचं ते हे. मूल शिकवलेल्याच्या पुढचा प्रश्न विचारतं का? नियम सांगितला की "पण असं झालं तर?" म्हणून अपवाद शोधतं का? कालच्या विज्ञानातली गोष्ट आजच्या गणितात आणून जोडतं का? पायऱ्या न लिहिता उत्तर सांगतं, आणि "कसं काढलंस?" म्हटल्यावर स्वतःची वेगळीच रीत दाखवतं का? एखाद्या गोष्टीत (सायकलचा गिअर, मधमाश्या, मोटारपंपाचा स्टार्टर) तासन्‌तास गुंतून राहतं का?

पहिला नंबर, सुंदर अक्षर आणि वेळेवर गृहपाठ या चांगल्या सवयी आहेत. त्या असलेलं मूल या यादीत बसेलच असं नाही, आणि यादीत बसणारं मूल तसं नीटनेटकं असेलच असंही नाही.

नजरेतून कोण निसटतं, हे पाहणीआधीच वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा. घरी कन्नड किंवा कोकणी बोलणारं मूल मराठी शाळेत पहिली काही वर्षं गप्प असतं, आणि ते गप्प बसणं मंदपणा समजलं जातं. त्याला प्रश्न वाचायला न देता कोडं हातात द्या: काड्यांचं, आकृतीचं, घडी घातलेल्या कागदाचं. उत्तर त्याला हव्या त्या भाषेत सांगू द्या. गळीत हंगामात ऊसतोडणीच्या टोळीबरोबर तीन-चार महिन्यांपुरतं आलेलं मूल तर हजेरीपटावर येईपर्यंत परत निघालेलं असतं, त्याला आल्याच्या पहिल्या आठवड्यातच पाहणीत घ्या. उत्तर येत असूनही हात वर न करणाऱ्या मुली प्रत्येक वर्गात असतात. आणि अक्षर इतकं वाईट की पेपर वाचवत नाही असं मूल: त्याची तोंडी परीक्षा घेतल्याशिवाय त्याच्याबद्दल काहीही ठरवू नका.

अकराव्या दिवशी वर्गाला चिठ्ठ्या वाटा. दोन प्रश्न: "कोणालाच न सुटणारं कोडं आलं तर तुम्ही वर्गात कोणाकडे जाल?" आणि "खेळ बंद पडला तर नवा नियम कोण काढतं?" मुलांना एकमेकांची खरी पारख असते, आणि शिक्षकाच्या वहीत नसलेलं एखादं नाव इथे हमखास वर येतं.

तपासा: तुमच्या यादीत मुली किती आणि मुलगे किती? सगळी नावं पुढच्या दोन बाकांवरचीच आहेत का? तसं असेल तर मागच्या बाकांसाठी आणखी तीन दिवस द्या.

टप्पा २: शिकवण्याआधीची चाचणी

ही पायरी सर्वांत जास्त वगळली जाते आणि पुढचं सगळं तिथेच बिघडतं. मूल हुशार आहे एवढ्यावर त्याला धडा माफ करायचा नसतो. या घटकातलं नेमकं काय त्याला आधीच येतं, हे कागदावर दिसायला हवं.

घटकाच्या शेवटी जी अवघड उदाहरणं असतात तसे दहा प्रश्न काढा. वेळ पंचवीस मिनिटं. चाचणी सगळ्या वर्गाला द्या, फक्त यादीतल्या मुलांना नको, नाहीतर यादी चुकली असेल तर ते कळायचंच नाही. आधी सांगा: "हे अजून शिकवलेलं नाही. येईल तेवढं करा. गुण नाहीत." प्रश्न या धर्तीचे असावेत:

१. अडीच अधिक एक पूर्णांक दोन तृतीयांश किती? (४ १/६)

२. एका एकराचे ४० गुंठे. १ एकर १० गुंठे रानापैकी ३/५ भागात ऊस आहे, तर ऊस किती गुंठ्यांत? (३० गुंठे)

३. २/३ मोठा की ३/५? छेद समान न करता सांगा. (एक पूर्ण व्हायला पहिल्यात १/३ कमी पडतो आणि दुसऱ्यात २/५. १/३ लहान, म्हणून २/३ मोठा.)

४. ३/४ आणि ४/५ यांच्या मधला एक अपूर्णांक लिहा. (७/९ चालेल, इतरही चालतील.)

५. एका मुलानं १/२ + १/३ = २/५ असं लिहिलं. बेरीज न करता हे चूक आहे हे कसं ओळखाल? (२/५ हा १/२ पेक्षाही लहान. मिळवल्यावर कमी कसं होईल?)

पाचवा प्रश्न फार महत्त्वाचा. शिकवणीला जाणारी बरीच मुलं पहिले दोन बरोबर सोडवतात, कारण रीत घोटून घेतलेली असते, आणि तिसऱ्या-पाचव्या प्रश्नाला कोरं पान ठेवतात. त्यांना धडा माफ करू नका, कारण त्यांची रीत पक्की आहे पण समज अजून कच्ची आहे. उलट एखादं मूल पहिल्यात बेरीज चुकवतं आणि पाचव्याला "अर्ध्यात काही मिळवलं तर अर्ध्याहून जास्तच होणार की" असं एका ओळीत लिहून मोकळं होतं. हे मूल तुम्हाला हवं आहे. त्याचं आकडेमोडीतलं कच्चेपण दोन तासांत भरून निघेल.

सीमारेषा अशी ठेवा: दहापैकी आठ बरोबर आणि "का?" विचारणाऱ्या प्रश्नांपैकी निदान दोनांचं कारण पटणारं. आठ बरोबर पण कारण एकही नाही, तर वर्गाबरोबर. सहा-सात बरोबर पण कारणं भक्कम, तर अर्धे तास वर्गाबरोबर, अर्धे वेगळे.

इशारा: पहिल्याच चाचणीत अर्धा वर्ग या रेषेच्या वर आला तर तुमचे प्रश्न सोपे होते. कोणीच आलं नाही तर ते पाठ्यपुस्तकाबाहेरचे होते. प्रश्न बदला, मुलांना दोष देऊ नका.

टप्पा ३: काय वगळायचं ते लिहून ठरवा

समजा या घटकाला बारा तास आहेत. चाचणीत एक मुलगी मिश्र अपूर्णांकाच्या वजाबाकीत अडखळली, बाकी सगळं आलं. मग तिनं वर्गाबरोबर बसायचे तास चार: पहिला (नवे शब्द आणि लिहिण्याची पद्धत कळायला), वजाबाकीचा तास, तोंडी चर्चेचा एक तास आणि शेवटचा चाचणीचा. उरले आठ तास, म्हणजे ३२० मिनिटं. एवढा वेळ तिचा स्वतःचा.

हे एका कागदावर लिहा. त्याला कामचिठ्ठी म्हणा. चिठ्ठीवर पाच गोष्टी: वर्गाबरोबर बसायच्या तारखा, वेगळ्या कामाचं नाव, काम कुठे बसून करायचं, शेवटी काय दाखवायचं, आणि मुलाची व तुमची सही. सही मुलाला फार महत्त्वाची वाटते, ती टाळू नका. एक प्रत पालकांना पाठवा, म्हणजे "माझ्या पोरीला वर्गात शिकवत नाहीत" अशी तक्रार एसडीएमसीच्या (शाळा विकास व देखरेख समितीच्या) बैठकीत येणार नाही.

वगळलेल्या तासांचा गृहपाठसुद्धा वगळायचा. हे विसरलं जातं. वर्गात वेगळं काम आणि घरी पुन्हा वर्गाचीच वीस गणितं, असं झालं की ते मूल दुप्पट काम करत राहतं.

टप्पा ४: वेगळं काम निवडणं

चांगल्या कामाच्या चार खुणा आहेत. ते त्याच घटकात खोल जातं. ते शिक्षकाशिवाय सुरू करता येतं. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी त्यात अडायला होतं. आणि शेवटी दाखवण्यासारखं काही हातात येतं. शब्दकोडी, रंगवायची चित्रं, "पाठ्यपुस्तकातलं पुढचं प्रकरण वाच" ही कामं या खुणांवर टिकत नाहीत.

अपूर्णांकांसाठी एक काम जवळून पाहू. मुलाला एवढंच सांगायचं: १/६ हा अपूर्णांक, अंशात १ असलेल्या दोन अपूर्णांकांची बेरीज म्हणून लिही. किती तऱ्हा सापडतात?

पहिल्या दिवशी बहुतेक मुलांना १/१२ + १/१२ सापडतं आणि ती थांबतात. "आणखी आहेत" एवढंच म्हणा. दुसऱ्या दिवशी अंदाजानं १/९ + १/१८ मिळतं. मग कोणीतरी १/७ पासून क्रमानं वजा करत जातं, आणि १/७ + १/४२, १/८ + १/२४, १/१० + १/१५ अशी रांग लागते. एकूण पाच. "सहावी नाही हे कशावरून?" हा पुढचा प्रश्न. दोन्ही अपूर्णांक १/१२ पेक्षा लहान असते तर बेरीज १/६ झालीच नसती, म्हणून मोठा अपूर्णांक १/७ ते १/१२ यांच्यातच असणार आणि १/११ जमत नाही, हे मुलाला स्वतः सापडू द्या. मग १/५ घ्यायला सांगा. तिथे दोनच तऱ्हा मिळतात: १/१० + १/१० आणि १/६ + १/३०. १/७ ला? पुन्हा दोनच. १/३ ला? दोनच. "कोणत्या संख्यांना दोनच मिळतात?" इथे मूळ संख्या आपोआप समोर येतात. सातवीतल्या मुलाला आणखी पुढे नेता येतं: प्रत्येक जोडीतल्या दोन्ही छेदांतून ६ वजा कर आणि आलेल्या संख्यांचा गुणाकार बघ. ७ आणि ४२ चे १ आणि ३६, ८ आणि २४ चे २ आणि १८. गुणाकार दर वेळी ३६. का, हे शोधायला आठ तास कमीच पडतात.

इतर विषयांतही अशी कामं निघतात, आणि सीमाभागातल्या शाळेला तर भाषेचं सोनं घरबसल्या मिळालेलं आहे. तीन भाषा शिकणाऱ्या मुलाला हा प्रश्न द्या: कन्नडमध्ये 'ए' दोन आणि 'ओ' दोन का, आणि मराठीत एकेकच का? कन्नडमध्ये ऱ्हस्व ओ घेऊन 'कोडु' म्हटलं की 'दे', आणि तोच ओ लांबवला की 'शिंग'. घरी मराठी बोलणारी मुलं दोन्ही सारखेच उच्चारतात आणि कन्नडच्या तासाला चुकतात. मुलानं अशा शब्दांच्या दहा जोड्या कन्नड बोलणाऱ्या शेजाऱ्यांकडून गोळा करायच्या, मग उलट बाजूनं बघायचं: 'चमचा'मधला च आणि 'चार'मधला च वेगळे आहेत, पण लिहायला अक्षर एकच का? सोबत दोन्ही भाषांत आढळणारे शब्द (तूप–तुप्प, अक्का, अण्णा) आजी-आजोबांकडून विचारून आणायचे. या कामाला पैसा लागत नाही, आणि वर्गातलं घरी कन्नड बोलणारं मूल इथे जाणकार म्हणून पुढे येतं.

परिसर अभ्यास किंवा विज्ञानाला जून ते सप्टेंबरमध्ये पर्जन्यमापक. दोन लिटरची, सरळ भिंतीची प्लास्टिक बाटली घ्या. जिथे खांदा संपून भिंत सरळ होते तिथे कापा, वरचा भाग उलटा करून नरसाळं म्हणून बसवा. बुडाचे खळगे बारीक खड्यांनी भरा, वर पाणी ओतून सरळ भागात शून्याची रेघ आणा आणि तिथून मिलिमीटरची पट्टी चिकटवा. कापलेलं तोंड आणि सरळ भाग यांची रुंदी एकच असल्यानं पट्टीवर वाचलेले मिलिमीटर थेट पावसाचे असतात. बाटली उघड्यावर, इमारतीच्या उंचीच्या दुप्पट अंतरावर, दगडांत घट्ट बसवून ठेवा. नोंद रोज सकाळी साडेआठला, कारण हवामान खातंही त्याच वेळी नोंद घेतं. मग गणित: १ मिलिमीटर पाऊस म्हणजे दर चौरस मीटरला १ लिटर. वर्गाचं छप्पर ६ मीटर बाय १० मीटर असेल आणि २५ मिलिमीटर पाऊस पडला तर छपरावरून १,५०० लिटर वाहून गेलं. मलप्रभा जिथे उगम पावते त्या कणकुंबीच्या बाजूची एखादी शाळा आणि अथणीकडची एखादी शाळा यांच्याशी शिक्षकांच्या फोनवरून आकडे अदलाबदल करा. एकाच जिल्ह्यात एवढा फरक का, या प्रश्नाचं उत्तर मूल नकाशावर घाटाची रांग बघून स्वतः काढतं.

इशारा: बाटलीतलं पाणी नोंदीनंतर ओतून पुन्हा शून्याच्या रेघेपर्यंत आणायचं असतं. मुलं ते विसरतात आणि चौथ्या दिवशी पाऊस नसताना १८ मिलिमीटर लिहून आणतात. चूक तुम्ही दाखवू नका, "काल ऊन होतं ना?" एवढंच विचारा.

टप्पा ५: चाळीस मिनिटं कशी चालवायची

सगळ्यांत मोठी भीती हीच असते की वर्ग हातातून जाईल. तासाची वाटणी ठरलेली असली की जात नाही. पहिली पाच मिनिटं सगळे एकत्र: कालचं एक तोंडी गणित, सगळ्यांना. मग वेगळं काम करणारी मुलं लिफाफा घेऊन ठरलेल्या जागी जातात. पुढची वीस मिनिटं तुम्ही वर्गाला शिकवता आणि त्या मुलांकडे पाहायचंही नाही. वर्ग सराव करत असतो त्या दहा मिनिटांतली पाच त्या मुलांची. शेवटची पाच पुन्हा सगळ्यांची.

जागा खोलीच्या बाजूला असावी, बाहेर नको. व्हरांड्यात किंवा वाचनालयात पाठवलेलं मूल पहिले दोन दिवस काम करतं आणि तिसऱ्या दिवशी मैदानावर सापडतं. शिवाय वर्गाच्या कानांवर पडणारं बोलणं त्याच्याही कानांवर पडायला हवं. दोन इयत्ता एका खोलीत असतील तर हे सोपं जातं, कारण निम्मा वर्ग तसाही स्वतःचं काम करतच असतो.

नियम तीनच, लिफाफ्यावर लिहिलेले: शिकवणं चालू असताना सरांना/बाईंना हाक मारायची नाही. अडलं तर आधी पुन्हा वाचायचं, मग सोपी संख्या घेऊन बघायचं, मग सोबतीला विचारायचं. तरीही अडलं तर 'अडलो' पानावर काय काय करून बघितलं ते लिहायचं आणि दुसरा प्रश्न घ्यायचा.

या 'अडलो' पानाबद्दल जरा थांबून सांगायला हवं. ज्या मुलाला आजवर सगळं पहिल्या फटक्यात जमत आलं, ते तिसऱ्या दिवशी अडतं तेव्हा आयुष्यात पहिल्यांदाच अडलेलं असतं. कोणी रडतं. कोणी वही मिटून "मला वर्गातलंच द्या" म्हणतं. कोणी पोट दुखतं म्हणून घरी राहतं. अशा वेळी काम सोपं करू नका आणि उत्तरही देऊ नका. पान उघडायला लावा आणि विचारा, "यातलं कोणतं करून बघितलंस तेव्हा थोडं तरी पुढं सरकलास?" त्या ओळीवर बोट ठेवा आणि तिथूनच सुरू करायला सांगा. शाबासकी द्यायची ती त्या पानावरच्या प्रयत्नाला. "किती हुशार आहेस" हे वाक्य या तासापुरतं तरी तोंडातून काढून टाका. ते ऐकत वाढलेलं मूल अवघड काम टाळू लागतं, कारण अडलं तर हुशारी गेली असं त्याला वाटतं.

तपासा: दुसऱ्या आठवड्याच्या शेवटी 'अडलो' पान कोरं असेल तर काम फार सोपं आहे. पान भरलंय पण एकही प्रश्न सुटला नाही, तर काम झेपत नाही. दोन्हींत काम बदला.

टप्पा ६: "त्यालाच का?"

हा प्रश्न पहिल्या आठवड्यात येणारच. "त्याला आधीच येतं म्हणून" हे खरं उत्तर आहे आणि मुलांना ते समजतं, कारण चाचणी सगळ्यांनी दिलेली असते. पुढच्या घटकाला पुन्हा चाचणी, पुन्हा नवी नावं. अपूर्णांकात पुढे असलेली मुलगी भूमितीत वर्गाबरोबर असू शकते. गट कायमचा करू नका, त्याला नाव देऊ नका, त्यांना वेगळे बिल्ले तर मुळीच नकोत. वेगळ्या कामाचे लिफाफे शनिवारच्या मोकळ्या वेळात सगळ्यांसाठी उघडे ठेवा. सावकाश पण चिवट काम करणारं एखादं मूल तिथे सगळ्यांना चकित करतं.

या मुलांकडून दुसऱ्यांना शिकवून घ्यावं का? थोडं चालेल. आठवड्यातून एकदा, दहा मिनिटं, आणि त्याची इच्छा असेल तरच. झटकन समजणाऱ्या मुलाला "तुला का समजत नाही" हेच समजत नसतं, त्यामुळे ते बऱ्याचदा उत्तर सांगून मोकळं होतं. दोघांचंही नुकसान. कायमचा मॉनिटर आणि वह्या तपासनीस करणं तर साफ बंद करा.

टप्पा ७: तपासणी आणि नोंद

घटकाच्या शेवटी वर्गाची चाचणी या मुलांनीही तीच द्यायची. तिथले गुण ते त्यांचे गुण. कमी पडले तर पुढच्या घटकात वगळायचे तास कमी करा. वेगळ्या कामाला मात्र गुण देऊ नका. गुण दिले की मूल सुरक्षित काम निवडतं. त्याऐवजी वहीत दोन ओळी: काय नवं सापडलं आणि कोणता प्रश्न अजून उघडा आहे. पर्जन्यमापकाच्या नोंदी, शब्दजोड्यांचा तक्ता असलं साहित्य एफएच्या (आकारिक मूल्यमापनाच्या) उपक्रमांच्या नोंदीला जोडता येतं, म्हणजे सीआरपी (समूह साधन व्यक्ती) भेटीला आले तर दाखवायला वेगळी फाईल करावी लागत नाही.

शेवटच्या तासाला दहा मिनिटं सादरीकरण, पूर्ण वर्गापुढे. "मी काय केलं" याऐवजी "मी कुठे अडलो" इथून सुरुवात करायला सांगा. वर्ग लक्ष देऊन ऐकतो.

टप्पा ८: पुढच्या इयत्तेचा तास आणि परीक्षा

सलग दोन-तीन घटकांत चाचणी आधीच पूर्ण येत असेल तर त्या एका विषयासाठी मुलाला वरच्या वर्गात बसवा. त्यासाठी वेळापत्रकात दोन्ही वर्गांचे गणिताचे तास एकाच वेळी यायला हवेत. हे मुख्याध्यापकांशी मे-जूनमध्येच बोला, ऑगस्टमध्ये वेळापत्रक हलत नाही. पूर्ण इयत्ता ओलांडायचा आग्रह पालकांकडून येतो. शिक्षण हक्क कायदा वयानुरूप वर्ग धरून चालतो, आणि एका विषयात पुढे असलेलं मूल सगळ्या विषयांत तयार नसतं, म्हणून एका विषयापुरतं वर बसवणंच बरं.

परीक्षांचं थोडक्यात. पाचवीत नवोदयची निवड परीक्षा (जिल्ह्यातलं विद्यालय चिकोडी तालुक्यात कोथळीला आहे): दोन तास, ८० प्रश्न, त्यातले ४० मानसिक क्षमतेचे. आठवीत एनएमएमएस ही केंद्राची शिष्यवृत्ती परीक्षा: पालकांचं वार्षिक उत्पन्न साडेतीन लाखांपर्यंत असलेल्या सरकारी, अनुदानित शाळांतल्या मुलांसाठी, निवड झाल्यास नववी ते बारावी वर्षाला १२,००० रुपये. अर्जाआधी आधार, बँक खातं आणि शाळेची नोंद यांत मुलाचं नाव अक्षर न् अक्षर एकच आहे ना ते बघा. मराठी, कन्नड आणि इंग्रजी अशा तीन लिप्यांतून फिरताना आडनावं बदलतात, आणि निवड झालेल्या मुलाचेही पैसे त्यामुळे अडकतात. इन्स्पायर मानकला (मुलांच्या नव्या कल्पना मागवणारी केंद्राची योजना) कल्पना पाठवताना इंटरनेटवरचा नमुना उचलून मुलाच्या नावावर घालू नका, 'अडलो' पानांतच एखादी खरी कल्पना सापडते. आणि परीक्षेची तयारी वेगळ्या कामाच्या तासात घुसवू नका. तिला वेळ हवा तर तो वेगळा काढा.

टप्पा ९: पुढच्या शिक्षकाच्या हातात काय द्यायचं

वर्षाचं काम बहुतेक वेळा इथेच वाया जातं. सातवी संपून मूल हायस्कूलला गेलं की तिथे कोणाला काही माहीत नसतं, आणि आठवीत ते पुन्हा हाताची घडी घालून बसतं. दाखल्याबरोबर एक पान जोडा, एकच. त्यावर: कोणत्या घटकांत चाचणी आधीच पूर्ण आली, कोणती वेगळी कामं केली, कशात अडतं, कोणती भाषा घरी बोलतं, चष्मा किंवा लिहिण्याची काही अडचण. गुणांचे टक्के त्यावर नकोत, ते गुणपत्रिकेत आहेतच. पानाच्या मागे मुलाच्या हातानं एक ओळ लिहून घ्या: अजून न सुटलेला, त्याला पुढे नेऊन सोडवायचा असलेला प्रश्न. जूनच्या पहिल्या आठवड्यात हायस्कूलच्या गणिताच्या शिक्षकांना फोन करून ते पान पोचलं का, एवढं विचारा.